बडोदे संस्थानातील अन्न-नियोजन : छप्पनिया दुष्काळ ते कोसंबा

अन्नसुरक्षेची चर्चा सामान्यतः हरितक्रांतीपासून किंवा २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यापासून सुरू केली जाते. स्थानिक अन्नव्यवस्थेचे शासकीय नियोजन मात्र त्याहून जुने आहे. बडोदे संस्थान हे त्याचे ठळक उदाहरण होय.

संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा 'छप्पनिया' दुष्काळ गुजरातच्या स्मरणात आजही आहे. १८९१ च्या जनगणनेत संस्थानची लोकसंख्या २४ लाखांवर होती. १९०१ मध्ये ती सुमारे साडेएकोणीस लाखांवर आली. उपासमारीबरोबर रोगराईनेही बळी घेतले. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी दुष्काळी भागाचा स्वतः दौरा केला. त्यांची टिपणे १९०१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. आजवा तलाव १८९२ मध्येच पूर्ण झाला होता. त्याने राजधानीची तहान भागवली, परंतु कोरडवाहू खेड्याचा प्रश्न तसाच राहिला.

खेड्यासाठी जुना उपाय तगाईचा. बियाणे, बैल, विहीर यांसाठी सरकार देत असलेले हे कर्ज. हा शब्द अरबी 'तकावी'पासून आला असून त्याच्या मुळाशी 'कुव्वत' म्हणजे बळ आहे. खरीप आणि रब्बी हे शब्दही अरबीच. अर्थ अनुक्रमे शरद आणि वसंत. तगाई म्हणजे खैरात नव्हे, ही बाब येथे लक्षात घ्यावी. परंतु लागोपाठ हंगाम बुडाले की बळ देणारी रक्कमच ओझे होते. केवळ कर्जावर अन्नव्यवस्था उभी राहत नाही, हा या अनुभवाचा धडा होय.

पुढचा टप्पा १९३२ चा. दिवाण व्ही. टी. कृष्णम्माचारी यांनी नवसारी प्रांतात कोसंबा येथे ग्रामपुनर्रचना केंद्र सुरू केले. परसबाग, कुक्कुटपालन, मधुमक्षिकापालन, विणकाम असे जोडधंदे तेथे शिकवले जात. एक पीक बुडाले तरी घरात दुसरे काही असावे, असा या जोडधंद्यांचा उपयोग. कृष्णम्माचारी पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

तलाव, कर्ज आणि जोडधंदे ही तिन्ही पावले योग्य होती. पण ती वेगवेगळ्या काळी व वेगवेगळ्या ठिकाणी पडली. आज वडोदऱ्याभोवतीची शेतजमीन शहर गिळत असताना ही त्रुटी अधिक महागात पडेल. महानगरपालिकेचे कार्यालय ज्या खंडेराव मार्केटमध्ये आहे, त्याच आवारात भाजीबाजारही भरतो. आपल्या विद्यार्थ्यांना तेथे नेऊन प्रत्येक भाजी कोणत्या गावाहून आली, एवढे नोंदवण्यास सांगावे. स्थानिक नियोजनाचा आरंभ अशा नोंदीपासूनच होऊ शकेल.