परीक्षक शाळकरी, निवड मात्र कसदार

तरुण मुलांनी काय वाचावे, हे बहुतेक ठिकाणी मोठी माणसे ठरवतात. पालक याद्या करतात, शिक्षक अभ्यासक्रम लावतात आणि पुरस्कार समित्यांवर ज्येष्ठ समीक्षक बसतात. फ्रान्समध्ये मात्र १९८८ पासून दरवर्षी सुमारे दोन हजार विद्यार्थी ही जबाबदारी स्वतः उचलतात. पंधरा ते अठरा वर्षे वयाची ही मुले नव्या कादंबऱ्या वाचतात, त्यांवर वाद घालतात आणि त्यांतील एकीची शिफारस साऱ्या देशाला करतात. या उपक्रमाचे नाव 'प्री गाँकूर दे लिसेएँ', म्हणजेच विद्यार्थ्यांचा गाँकूर पुरस्कार.

मूळ गाँकूर पुरस्कार हा फ्रेंच साहित्यातील सर्वांत मानाचा. लेखक एदमाँ द गाँकूर यांच्या मृत्युपत्रातील इच्छेनुसार अकादमी स्थापन झाली आणि १९०३ मध्ये पहिला पुरस्कार दिला गेला. अकादमीचे दहा सदस्य पॅरिसमधील 'द्रुआँ' या उपाहारगृहात जमून निर्णय घेतात. पुरस्काराची रक्कम अवघी दहा युरो. पण त्यामुळे पुस्तकाचा खप मात्र लाखांच्या घरात जातो.

या मानकऱ्यांच्या यादीवर मुलांचे मत काय पडेल, या कुतूहलातून ब्रिटनी प्रांतातील रेन या शहरात विद्यार्थ्यांचा पुरस्कार सुरू झाला. 'फ्नाक' ही पुस्तकविक्री करणारी दुकानसाखळी आणि तेथील शिक्षण खाते यांनी पुढाकार घेतला, तर गाँकूर अकादमीने आपले नाव वापरण्यास संमती दिली. पुढे या उपक्रमाला राष्ट्रीय स्वरूप आले.

दोन महिन्यांची वाचनशर्यत

सप्टेंबरच्या आरंभी अकादमीची पहिली यादी जाहीर होते. तीत साधारण पंधरा पुस्तके असतात आणि ती मुलांसाठी म्हणून लिहिलेली नसतात. सुमारे पन्नास विद्यालयांतील वर्गांना पुस्तकांचे संच मिळतात. या विद्यालयांत केवळ साहित्याकडे ओढा असलेल्यांच्या शाळा नसतात. तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षण घेणारे वर्गही असतात. घरात पुस्तकांचे कपाट नसलेल्या मुलालाही येथे परीक्षकाची खुर्ची मिळते, हे या रचनेचे मोठे वैशिष्ट्य मानावे लागेल.

त्यानंतरचे दोन महिने धावपळीचे असतात. शिक्षक संदर्भ समजावून देतात, चर्चेला वळण लावतात. मत मात्र विद्यार्थ्यांचेच. निरनिराळ्या शहरांत लेखकांशी भेटी घडवल्या जातात आणि मुले त्यांना थेट प्रश्न विचारतात. प्रत्येक वर्ग आपल्या पसंतीची तीन पुस्तके निश्चित करून एक प्रतिनिधी निवडतो. हे प्रतिनिधी विभागवार बैठकीत आपल्या वर्गाची बाजू मांडतात. तेथून निवडलेले मोजके प्रतिनिधी नोव्हेंबरमध्ये अंतिम बैठकीला बसतात आणि विजेत्याचे नाव जाहीर करतात. आवडले एवढे म्हणून येथे भागत नाही. का आवडले, हे समोरच्याला पटवून द्यावे लागते.

सोप्याकडे ओढा नाही

मुलांच्या हाती निवड दिली तर ती हलकेफुलके उचलतील, ही शंका आजवरच्या निकालांनी खोटी ठरवली आहे. पहिल्या वर्षी एरिक ऑर्सेना आणि १९९५ मध्ये आंद्रेई माकीन यांच्या बाबतीत ज्येष्ठांचा व विद्यार्थ्यांचा कौल एकच पडला. अनेकदा मात्र वाटा वेगळ्या झाल्या. २०१६ मध्ये अकादमीने लेला स्लिमानी यांना पसंती दिली, तर विद्यार्थ्यांनी गाएल फाय यांच्या 'प्ती पेई' या कादंबरीला. बुरुंडीत वाढणाऱ्या एका मुलाचे बालपण यादवी युद्ध आणि शेजारच्या रवांडातील १९९४ चा नरसंहार यांत कसे होरपळले, हे तीत सांगितले आहे.

त्याआधी २००० मध्ये अहमादू कुरुमा यांची निवड झाली, तेव्हा कथानायक होता आफ्रिकेतील एक बालसैनिक. २०१८ मध्ये दाविद दियोप यांच्या, पहिल्या महायुद्धातील सेनेगाली सैनिकांवरील कादंबरीला विद्यार्थ्यांनी उचलून धरले. तिच्या इंग्रजी अनुवादाला २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. २०२० च्या विजेत्या जाईली अमादू अमाल या कॅमेरूनच्या. सक्तीचा विवाह आणि बहुपत्नीत्व सोसणाऱ्या स्त्रियांची ही कथा प्रथम त्यांच्याच देशात २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. २०२१ मध्ये क्लारा द्युपाँ-मोनो यांना मान मिळाला. अपंग मूल जन्माला आल्यावर त्याच्या भावंडांचे काय होते, हा त्यांचा विषय. २०२३ मध्ये तर लहानपणी सावत्र वडिलांकडून झालेल्या लैंगिक अत्याचाराचा स्वानुभव मांडणाऱ्या नेज सिनो यांच्या पुस्तकाची मुलांनी निवड केली.

या यादीकडे पाहिले की एक सूत्र लक्षात येते. ज्या वयाला घरातील व जगातील अप्रिय गोष्टींपासून दूर ठेवण्याची मोठ्यांची धडपड असते, त्या वयाचे वाचक नेमक्या त्याच गोष्टींवरील पुस्तके एकमेकांच्या हाती देतात. युद्ध, अत्याचार, वियोग हे विषय त्यांना वर्ज्य वाटत नाहीत. त्यांविषयी प्रामाणिकपणे बोलणारा लेखक त्यांना हवा असतो.

अर्थात हा उपक्रम दोषमुक्त नाही. एवढ्या थोड्या काळात पंधरा पुस्तके वाचणे प्रत्येकाला जमत नाही, त्यामुळे वाचन वाटून घेतले जाते. शिवाय यादी ज्येष्ठांचीच असल्याने निवडीचे स्वातंत्र्य तिच्या मर्यादेत राहते. तरीही प्रकाशकांच्या लेखी हा शिक्का मोलाचा आहे; विद्यार्थ्यांनी गौरवलेल्या पुस्तकांना मोठा वाचकवर्ग लाभतो. याच धर्तीवर गाँकूर यादीतून आपली निवड करण्याचा उपक्रम अनेक देशांतील विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी सुरू झाला असून, त्यांत भारताचाही समावेश आहे.

'हे वाच, तुझ्या भल्याचे आहे' असे मोठ्यांनी सांगितलेले पुस्तक अनेकदा कपाटातच राहते. 'हे वाच, मला रात्रभर झोप आली नाही' असे वर्गमित्राने सांगितलेले पुस्तक मात्र हातोहात फिरते. रेनमध्ये ओळखले गेले ते हेच साधे सत्य.