गल्ल्यावरचा गुप्तहेर

इंग्रजीत रहस्यकथेचा एक घरगुती प्रकार गेली तीसेक वर्षं भरपूर खपतो आहे. गाव लहान असतं, रक्त फारसं दिसत नाही, पोलीस भलत्याच माणसाला धरून बसलेले असतात आणि खुनाचा छडा लावते ती केकचं, चहाचं नाहीतर लोकरीचं दुकान चालवणारी बाई. या घराण्याची आजी म्हणजे ॲगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. तिची पहिली कादंबरी १९३० ची. पण मार्पलबाईंना पोटापाण्याची चिंता नव्हती. विणकाम करावं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांवर डोळा ठेवावा, एवढाच त्यांचा उद्योग. दुकान नंतर आलं. डायन मॉट डेव्हिडसनची जेवणाच्या ऑर्डरी घेणारी नायिका १९९० ची, लॉरा चाइल्ड्सची चहाच्या दुकानाची मालकीण २००१ ची.

मराठीत या बाईचं खातंच उघडलं गेलं नाही. खरं तर छडा लावण्याची विद्या आपल्याकडे शेरलॉक होम्सच्या कितीतरी आधीची. माणदेशच घ्या. माण, खटाव, आटपाडी हा सगळा पर्जन्यछायेतला, उघड्याबोडक्या माळांचा मुलूख. इथे पाऊल उमटलं की वाचणारा हवाच. देशावरच्या गावगाड्यात ते काम जागल्याचं, अनेक ठिकाणी रामोशाचं. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली या प्रांताचा अहवाल लिहिला, त्यात ही व्यवस्था नोंदवलेली आहे. चोरी झाली की जागल्याने चोराचा माग काढायचा. माग शिवेपलीकडे गेला, तर पुढच्या गावच्या जागल्याला तो दाखवून पटवायचा. त्याने मान्य केलं की पहिला सुटला. पुढची जबाबदारी दुसऱ्याची. माग ज्या गावात जिरेल त्या गावाने नुकसान भरून द्यायचं. तपास आणि दंड दोन्ही एकाच धाग्यात ओवलेले. आपल्या शिवेत चोराचं पाऊल राहू नये, ही काळजी त्यामुळे गावातल्या प्रत्येकालाच असणार. पण तपास करणारा हौशी नव्हता. ते त्याचं वतनाचं काम, आणि पोट गावाने द्यायच्या धान्यावर.

इंग्रजी अमलात हे माग काढणाऱ्यांचं घराणं उलटंपालटं झालं. बंड करणाऱ्या रामोशी उमाजी नाईकांना १८३२ साली पुण्यात फाशी दिलं आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन मॅकिंटॉशचं रामोशांवरचं पुस्तक मुंबईत छापलं गेलं. माग काढणारी जात आता स्वतःच अभ्यासाचा आणि संशयाचा विषय झाली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली. रद्द झाला तो १९५२ साली. आज सरकारी यादीत रामोशी ‘विमुक्त जाती’मध्ये येतात. ज्याच्या कामाला तपास म्हणावं, त्याच्यावरच पहारा बसवण्याचा हा प्रकार एखाद्या रहस्यकथेत आला असता तर वाचकाने अतिशयोक्ती म्हणून सोडून दिला असता. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये, १९४९ साली, धर्मा रामोशी भेटतो. तोवर त्याच्याजवळ मागही नाही आणि वतनही नाही. उरलं आहे ते अंग झाकायला कापड नसण्याइतकं दारिद्र्य. माडगूळकर स्वतः शिकारी, जनावराच्या पावलावरून त्याची चाल ओळखणारे. माणसं तर त्यांनी अशी पाहिली की मिस मार्पलने खुर्ची पुढे सरकवून द्यावी. तरी त्या पुस्तकात गुन्ह्याचा शोध नाही. मला ते स्वाभाविक वाटतं. जिथे भूक हाच मुख्य आरोपी, तिथे खुनी शोधत बसायला सवड कुणाला!

मग दुकानदाराचं काय? इथेच खरी मेख आहे. विलायतेतल्या खेड्यात दुकानदार सगळ्यांचा असतो. आपल्याकडे वाण्याचं दुकान आणि सावकारी बहुधा एकाच उंबऱ्याच्या आत. गावात कोण किती बुडालाय, कुणाच्या घरी लग्न, कुणाचं रान गहाण, हे सगळं वहीत. गुप्तहेराला लागणारी माहिती इतकी जय्यत तयार दुसरीकडे कुठे नसेल, पण त्या वहीचीच लोकांना धास्ती होती. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला, तेव्हा लोकांनी शोधून शोधून जाळली ती कर्जखतं. पुढे १९२५ साली बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ हा चित्रपट आला. मूळ कथा नारायण हरी आपट्यांची, शेतकरी तरुणाच्या भूमिकेत व्ही. शांताराम. खोट्या कागदावर जमीन जाते आणि कुणबी शहरातल्या गिरणीत जाऊन पडतो. अशा मुलखात गल्ल्यावरचा माणूस गुन्ह्याचा उलगडा करतोय, असं लिहिलं असतं तर वाचकाने आधी त्याच्याच घराची झडती मागितली असती.

म्हणून मराठी रहस्यकथेने दुकान टाळलं आणि शहर धरलं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही नावं आजोबांच्या पिढीला तोंडपाठ. यांपैकी कुणाला गिऱ्हाइकाशी घासाघीस करत दिवस काढावा लागत नाही. गंमत अशी की खुद्द अर्नाळकर मुंबईत चष्म्याचं दुकान चालवत. म्हणजे मराठीत दुकानदार होता, रहस्यही होतं; पण दुकानदार लेखणी धरून बसला आणि गुप्तहेराला त्याने दुकानाबाहेर मोटारीत बसवलं. पुढे सुहास शिरवळकरांनी आपला नायक अमर विश्वास वकील केला. बाईच्या हाती तपास आला तो कथेत नव्हे, प्रत्यक्षात. रजनी पंडित यांनी नोकरीतल्या एका सहकारी बाईच्या घरातली चोरी शोधून दिली. संशय नव्या सुनेवर होता, निघाला धाकटा मुलगा. अगदी मार्पलबाईंच्या दर्जाचं प्रकरण! १९९१ साली त्यांनी मुंबईत स्वतःची गुप्तहेर संस्था काढली.

माणमध्ये गल्ल्यावरचा माणूस बदलला तो त्यानंतर. चेतना गाला सिन्हा यांनी म्हसवडला महिला सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला, कारण सभासद बायकांचे अंगठे. बायका लिहायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: लिहिता-वाचता येत नसेल, मोजता येतं, कुठल्याही रकमेवरचं व्याज सांगायला लावा, आम्ही यंत्राशिवाय सांगतो, तुमच्या साहेबांनाही सांगू दे. १९९७ साली माणदेशी महिला बँक उघडली. भाजी, शेळ्या, शिलाई, टपरी असा धंदा करणारी बाई आता स्वतःच्या नावचं खातं बाळगते. गावाची खबर तिच्याकडे आहे, हिशोब तोंडी आहे, आणि जुन्या वहीची दहशत तिच्या नावाला चिकटलेली नाही. विलायती कथेतल्या नायिकेचा सगळा सरंजाम माणदेशात पहिल्यांदाच एका जागी आला तो असा.

तरी चहाच्या दुकानापेक्षा मला इथला दुसरा एक धंदा जास्त खुणावतो. माण-आटपाडी-खानापूर पट्ट्यातली माणसं दुष्काळाने बाहेर पडली आणि देशभर गलाईची दुकानं थाटून बसली. दागिना मुशीत वितळवायचा, चांदी मिसळायची, तेजाबात चांदी-तांबं विरघळवायचं, खाली शुद्ध सोनं उरतं. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा जाळून त्यातला कण हे लोक काढतात. म्हणजे खरं-खोटं वेगळं करणं हाच रोजगार. आणि चोरीचं सोनं वितळवायला कुणी घेऊन आलं, तर पहिला ठावठिकाणा गलाईवाल्याला लागतो; पोलिसाची पहिली नजरही त्याच्यावरच. एका हाताने संशयित, दुसऱ्या हाताने साक्षीदार! परक्या राज्यातला बाजार, गावाकडची जत्रा, मुशीत गेल्यावर कुणाचा होता ते न सांगणारा दागिना. यापेक्षा चांगली सुरुवात रहस्यकथाकाराला मिळणार नाही.

म्हसवडच्या, विट्याच्या किंवा दूरच्या एखाद्या सराफ बाजारातल्या गलाईच्या दुकानात वाढलेल्या मुलीने हे पुस्तक लिहावं. खून नसला तरी चालेल. हिशोब मात्र चोख हवा.