दीर्घ मौनानंतर तुतारी : जोतिबाच्या डोंगरावरून एक थ्रेड

1/ 16 एप्रिल 2022, चैत्र पौर्णिमा. करोनामुळे 2020 आणि 2021 अशी सलग दोन वर्षे रद्द झालेली जोतिबाची चैत्र यात्रा पुन्हा भरली. गुलाल उधळला, सासनकाठ्या नाचल्या, ‘चांगभलं’चा गजर झाला. हलगी, पिपाणी, सनई यांच्या कल्लोळात तुतारीही आली. फुंकून वाजवायचे धातूचे वाद्य दीर्घ काळ थांबले, तर नेमके काय हरवते? त्याचा हा इतिहास. 🧵

2/ प्रथम स्थळ. कोल्हापूरच्या वायव्येस वाडी रत्नागिरीचा डोंगर. केदारनाथाचे आजचे मंदिर 1730 मध्ये राणोजी शिंदे यांनी बांधले. शेजारचे केदारेश्वर 1808 मध्ये दौलतराव शिंदे यांनी. चैत्र पौर्णिमेला मानाच्या सासनकाठ्या यमाई मंदिराकडे निघतात. पहिला मान सातारा जिल्ह्यातील निनाम पाडळीचा. या मिरवणुकीत सूर दुरून कानी पडावा लागतो, म्हणून वाद्येही तशीच.

3/ आपण जिला तुतारी म्हणतो, ती बहुधा तांब्या-पितळेच्या पत्र्याचे दोन बाकदार भाग जोडून केलेली असते. भाग एका बाजूस वळवले तर चंद्रकोर, उलट वळवले तर नागमोडी आकार. तिला ना भोके, ना पट्ट्या, ना कळा. मग स्वर बदलतो कसा?

4/ उत्तर : ओठांनी. नळीत नुसती फुंकर घातल्यास वाराच बाहेर पडतो. मिटलेले ओठ थरथरावे लागतात. नळी तो थरकाप मोठा करते. ओठ जसजसे आवळावेत, तसतसे सा, प, वरचा सा असे नैसर्गिक स्वर उमटतात. मधले स्वर मिळत नाहीत. म्हणजे अर्धे वाद्य पितळेचे आणि अर्धे माणसाच्या चेहऱ्याचे.

5/ म्हणूनच खंड पडला की पितळ जसेच्या तसे राहते, ओठ राहत नाहीत. ओठांभोवतीचे स्नायू सरावाविना दुबळे होतात. प्रथम दम जातो, मग वरचे स्वर. कान मात्र विसरत नाही. कसे वाजायला हवे ते वादकाला ऐकू येत असते, ओठ साथ देत नाहीत. मग तो वाद्य ओठांवर जोराने दाबतो आणि ओठ अधिकच लवकर थकतात. उपाय जुनाच : खालचे, लांब स्वर, रोज थोडा वेळ, मध्ये पुरेशी विश्रांती.

6/ आता जगाकडे वळू. योगायोगाने तारीख तीच : 16 एप्रिल, साल 1939. तुतनखामेनच्या थडग्यातील दोन कर्णे बीबीसीच्या रेडिओवरून जगाने ऐकले. मौन तीन हजारांहून अधिक वर्षांचे. वाजवणारे जेम्स टॅपर्न ब्रिटिश लष्करी वादक होते आणि त्यांनी तोंडाशी आधुनिक मुखिका बसवली होती. कर्णे प्राचीन, ओठ आणि तंत्र विसाव्या शतकाचे. मूळ नाद कसा होता, हे त्या प्रक्षेपणातून कळत नाही.

7/ स्कॉटलंडमधील डेस्कफर्डला ‘कार्निक्स’ नामक रणवाद्याचे रानडुकराच्या मुखाचे टोक सापडले होते. त्यावरून प्रतिकृती घडवून 1993 मध्ये जॉन केनी यांनी ती वाजवली. तेथेही वादनपद्धती नव्याने शोधावी लागली, कारण शिकवायला कोणी उरले नव्हते.

8/ 2016 मध्ये बिली ओ फोलू या संशोधकाने लक्षात आणून दिले की युरोपातील लोहयुगीन शिंगांचे जवळचे भाऊबंद केरळच्या ‘कोंबु’वादनात आजही वाजत आहेत. युरोपला जे उत्खननातून मिळवावे लागते, ते आपल्याकडे मिरवणुकीत भेटते. जोतिबावरील तुतारी याच अर्थाने मौल्यवान : ओठांकडून ओठांकडे आलेली विद्या.

9/ आपल्या शिंगानेही मोठा खंड पाहिला आहे. मराठा फौजांत शिंग आणि कर्णा हे इशाऱ्याचे वाद्य होते. 1818 नंतर त्या फौजा गेल्या. वाद्य टिकले ते देवळात, लग्नात, यात्रेत. काम बदलले म्हणून ते जगले.

10/ पण येथे थांबून एक अवघड गोष्ट पाहिली पाहिजे. गावगाड्यात वाजंत्रीचे काम जातीने ठरलेले असे. गुरव, घडशी, होलार, मातंग यांच्याकडे ते पिढीजात आले. त्यात कला होती, तशी सक्तीही. आंबेडकरी चळवळीत अनेकांनी गावकीची कामे जाणीवपूर्वक सोडली. त्या मौनाला ‘परंपरेचा ऱ्हास’ म्हणणे अन्यायाचे आहे. काही खंड पडतात, काही स्वाभिमानाने पाडले जातात.

11/ फेब्रुवारी 2024 मध्ये ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे निवडणूक चिन्ह झाले आणि तिचा आकार घरोघरी पोहोचला. चित्र सर्वत्र दिसते; ओठ तयार असलेला वादक मात्र मोजक्याच ठिकाणी भेटतो.

12/ म्हणून 2022 ची यात्रा इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी महत्त्वाची. दोन वर्षांचा खंड भरून निघू शकतो, कारण शिकवणारा हयात असतो. एका पिढीचा खंड पडला की मागे उरते ती संग्रहालयातील पितळी नळी. हे वादन टिकावे असे वाटत असेल, तर ते जातीचे कर्तव्य न राहता ज्याला हवे त्याने शिकण्याचे कौशल्य व्हावे, आणि सुपारी देताना वादकाला कलावंताचा मोबदला मिळावा.

13/ पुढच्या चैत्रात डोंगरावर गेलात, तर काठीवरून नजर खाली आणून तुतारीवाल्याच्या ओठांकडे पाहा. आपल्या गावच्या यात्रेत शिंग किंवा तुतारी कोण वाजवते, कोणाकडून शिकले? खाली जरूर लिहा.

#थ्रेड #इतिहास #जोतिबा