म्हाताऱ्यांसाठी मराठी



आंधळे आणि हत्तीची गोष्ट आपण अनेकांतवाद समजावताना हमखास सांगतो. पाय चाचपणारा म्हणतो खांब, कान चाचपणारा म्हणतो सूप. हीच गोष्ट मराठीतल्या अगदी जुन्या गद्य ग्रंथांपैकी एकात आहे. ग्रंथ महानुभाव पंथाचा, नाव ‘दृष्टान्तपाठ’, काळ तेराव्या शतकाची अखेर.

आपल्या जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून जाणारी गोदावरी पैठणहून खाली येते. त्या गोदाकाठी चक्रधरस्वामी फिरले, साध्या गोष्टींतून उपदेश केला. त्यांच्या मागे केसोबासांनी त्यातल्या ११४ गोष्टी एकत्र केल्या. मांडणी शिकवायला सोयीची: आधी स्वामींचं सूत्र, मग गोष्ट, मग तिचा अर्थ.

तिकडे युरोपात लिएजच्या एग्बर्ट नावाच्या शिक्षकाने १०२३च्या सुमारास शाळकरी मुलांसाठी म्हणी आणि लोककथा जमवल्या. लाल कपड्यातली मुलगी आणि लांडगा त्यातही आहेत. भाषा मात्र लॅटिन. आपल्या पूर्णभद्र मुनींनी ११९९ मध्ये पंचतंत्राचा पाठ शुद्ध करून नव्याने सिद्ध केला, तो संस्कृतात.

केसोबासही संस्कृतचे पंडित. त्यांनाही संस्कृतातच लिहायचं होतं, पण आचार्य नागदेवांनी अडवलं. कारण काय दिलं? पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही, त्या नागवल्या जातील. ग्रंथाचं वजन नाही, विद्वानांचा मान नाही, म्हाताऱ्या!

भगवान महावीरांची देशनाही लोकांना कळणाऱ्या अर्धमागधीत झाली. आज मात्र तीच अर्धमागधी आपल्याला परकी झाली आहे. प्रतिक्रमण तोंडपाठ, पण अर्थ विचारला की आपण साध्वीजींकडे बघतो. (बोचलं ना? मलाही बोचतं.)

आमच्या सासूबाईंच्या म्हणी आणि गोष्टी मी चातुर्मासापासून वहीत उतरवतेय, त्यांच्या मारवाडी वळणाच्या मराठीत. भाषा नीटनेटकी करायला हात शिवशिवतो, पण अजून एकही शब्द बदललेला नाही. लेक म्हणते, “मम्मी, इंग्रजीत लिही, पुढे आमच्या मुलांना वाचता येईल.” तिचंही खरं आहे. पण ती वही सासूबाईंना वाचून दाखवायची आहे, म्हणून आधी त्यांच्या बोलीत.