व्हिडिओ गेममधली नायिका आणि पुणे

व्हिडिओ गेममध्ये स्त्री किंवा पुरुष पात्र निवडता यावे, ही अपेक्षा तशी अलीकडची आहे. नव्वदच्या दशकात पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडायचे आठ-बिटी गेम आले, तेव्हा अशी निवड फारशी नव्हतीच. कॅसेट खोचली की ‘मारिओ’मध्ये मिशीवाला मारिओ यायचा आणि ‘काँट्रा’मध्ये दोन दणकट सैनिक. बहीण खेळो वा भाऊ, पडद्यावर धावायचा तो पुरुषच.

त्या खेळांना आजच्या मापाने मोजण्याआधी त्या यंत्राची ऐपत पाहायला हवी. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता आणि त्यातले केवळ ८ किलोबाइट चित्रांच्या वाट्याला आले होते. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र. फक्त रंग वेगळा. दुसऱ्या खेळाडूचा लुइजी म्हणजेही रंग बदललेला मारिओच. जिथे दुसऱ्या भावाला स्वतःचा चेहरा मिळाला नाही, तिथे बहीण का नाही, हा आक्षेप टिकत नाही.

मात्र ही सबब फार ताणता येत नाही. पात्रे किती, हे यंत्र ठरवत होते. असलेले एकमेव पात्र कोण, हे माणसे ठरवत होती. १९८६ च्या ‘मेट्रॉइड’मध्ये चिलखतामागची सॅमस स्त्री असल्याचे शेवटी उघड होते, आणि १९९६ च्या ‘टूम्ब रेडर’ची तर ओळखच लारा क्रॉफ्ट आहे. ‘मारिओ’तही राजकन्या होती, पण सोडवून आणण्यापुरती.

यंत्रे मोठी झाल्यावर कारण बदलले. २०१४ मध्ये युबिसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीच्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’त चौघांनी मिळून खेळायची सोय होती, स्त्री पात्र मात्र नव्हते. हालचाली आणि पोशाख यांचे काम दुप्पट होते, असे त्यावर सांगितले गेले आणि मोठा वाद झाला. काम वाढते हे खरेच. चालणे, चढणे, पडणे, मार खाणे यांच्या हालचाली तपासाव्या लागतात, पोशाख नव्याने बसवावे लागतात. मराठी किंवा हिंदी संवाद असतील तर क्रियापदे बदलतात, म्हणून ध्वनिमुद्रणही दोनदा करावे लागते. चार-सहा जणांच्या चमूला हा भार झेपत नाही. शेकडो माणसे राबवणाऱ्या कंपनीच्या तोंडी तेच कारण शोभत नाही. त्याच मालिकेच्या २०१८ च्या ‘ओडिसी’त कसांड्रा किंवा अलेक्सिओस यांपैकी कोणीही निवडता येऊ लागले.

पुण्याचा या धंद्याशी संबंध केवळ खेळणाऱ्यांचा राहिलेला नाही. २००८ मध्ये युबिसॉफ्टने गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्याच छोट्या कंपनीने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ घडवला. २०१७ ची किकस्टार्टरवरची निधी-मोहीम अपयशी ठरूनही काम चालू राहिले आणि ऑगस्ट २०२० मध्ये खेळ आधी निन्टेन्डो स्विचवर आला.

‘राजी’त निवड अजिबात नाही. खेळणाऱ्याने राजीच व्हायचे. ती सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधायला ती निघते आणि दुर्गा तिला त्रिशूळ देते. खांबाला गिरकी घेऊन वार करणे, भिंतीवरून धावत जाऊन उलटी उडी मारणे, हे सगळे तिच्या कसरतीतून आलेले आहे. तिच्या जागी मुलगा निवडायची सोय केली असती, तर भावासाठी जिवावर उदार होणारी बहीण हा कथेचा गाभाच सैल झाला असता. म्हणून मुलगा नाही, हा ‘राजी’चा दोष धरता येत नाही. समीक्षकांनी चित्रशैलीची वाखाणणी केली आणि लढाईतला विस्कळीतपणा व घाईने उरकलेला शेवट यांवर बोट ठेवले; तो न्याय योग्यच होता. २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळासाठी ‘राजी’ला नामांकन मिळाले.

निवड न देण्याची हीच सवलत ‘एकट्या नायकाची कथा’ सांगणाऱ्या खेळालाही द्यावी लागते. ज्या खेळात नाव, चेहरा, केस सारे खेळणाऱ्याने ठरवायचे असते, त्याला ती देता येत नाही. तिथे पात्र म्हणजे खेळणाराच असतो आणि स्त्रीला जागा नसणे ही उघड उणीव ठरते. क्रीडाखेळांचेही तसेच. २००६ च्या ‘क्रिकेट ०७’मध्ये महिला संघ नव्हते. फुटबॉलच्या ‘फिफा १६’मध्ये २०१५ साली महिलांचे १२ राष्ट्रीय संघ आले आणि २०१७ च्या ‘अॅशेस क्रिकेट’मध्ये ऑस्ट्रेलिया व इंग्लंडच्या महिला उतरल्या. त्यानंतर निघालेल्या क्रिकेटच्या मोठ्या खेळात महिला संघ नसतील, तर तिथे गुण कापायलाच हवेत.