गोचीड, सोमल आणि वशिंड

मंडळी, आज जरा गोचिडांबद्दल. विषय किळसवाणा आहे, पण गोष्ट भारी आहे.

१८७२ साली जावाकडून आलेल्या गुरांबरोबर गोचीड ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदरात उतरले. पुढच्या पंचवीसेक वर्षांत ते क्वीन्सलँडभर पसरले. तिथली गुरं विलायती वंशाची, गोचीडतापाने पटापट मरायची. मग उपाय निघाला सोमलाचा. सोमल कालवलेला लांबलचक हौद बांधायचा आणि गुरांना त्यातून पोहायला लावायचं. चाळीसेक वर्षं हे चाललं. १९३०च्या दशकात मात्र सोमलाला न जुमानणारे गोचीड दिसायला लागले.

काही हरकत नाही, दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं! दहा वर्षांत त्यालाही दाद मिळेना. मग ऑर्गॅनोफॉस्फेट. १९६०च्या दशकात रॉकहॅम्प्टनजवळच्या रिजलँड्सचे गोचीड त्यातूनही वाचले. पुढे पायरेथ्रॉइड आली, तर आणखी गंमत. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड दोन्ही मज्जापेशींच्या सोडियमच्या दारावरच घाव घालतात. डीडीटी पचवलेल्या गोचिडांची अर्धी तयारी आधीच झालेली!

यात गोचीड काही 'शिकत' नाहीत हं. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते. एवढ्या पिलावळीत एखाद्याच्या जनुकात योगायोगाने बदल असतो. औषध बाकीच्यांना मारतं आणि याला मैदान मोकळं करून देतं. म्हणजे चाळणी आपणच लावतो.

मग तिथले लोक तगले कसे? १९३३ साली त्यांनी अमेरिकेतून ब्राह्मण जातीची गुरं आणली. ही जात अमेरिकेत घडली, पण कशातून? गीर, गुजरातची कांकरेज, नेल्लोर आणि आपल्या सांगली-कोल्हापूरकडची कृष्णा व्हॅली! वशिंडवाल्या या गुरांच्या अंगावर गोचिडांची बहुतेक पिल्लं तगतच नाहीत. आज उत्तर ऑस्ट्रेलियात याच रक्ताची गुरं जास्त आहेत. औषध लागतं, पण कमी.

आणि आपण? दूध वाढावं म्हणून जर्सी-होल्स्टीनचा संकर केला. दूध वाढलं, ते हवंच होतं. पण या गाईंना गोचीड जास्त लागतात, म्हणून फवारणी जास्त, म्हणून चाळणीही जास्त. डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिनला न जुमानणारे गोचीड भारतातही अनेक राज्यांत सापडलेत.

नवं औषध येईलच. पण ते किती वर्षं टिकेल हे बाटलीवर नाही, आपण ते किती वेळा उघडतो यावर ठरणार. ज्या गुणासाठी ऑस्ट्रेलियाने अमेरिकेपर्यंत धाव घेतली, तो आपल्या गोठ्यातून निसटू द्यायचा का, हा खरा प्रश्न.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.