पायधुणीपासून भेंडीबाजारापर्यंत

आम्हा किहीमकरांची मुंबईशी ओळख पायांनी झाली. रेवसची लाँच भाऊच्या धक्क्याला लागली की अब्बा एका हातात पांढऱ्या कांद्याची माळ आणि दुसऱ्या हातात माझे बोट धरून चालू लागत. फुफीचे घर डोंगरीत होते. टॅक्सी कधी केल्याचे मला आठवत नाही. खलाशाच्या, हमालाच्या, शिंप्याच्या कामाला मुंबईत गेलेली आमची माणसे अशीच चालत गेली. गावच्या जमातीच्या खोलीत त्यांनी वळकटी ठेवली आणि चालतच काम शोधले. म्हणून मुंबईच्या या जुन्या वस्तीचा इतिहास मला राजवाड्यांचा किंवा गव्हर्नरांचा वाटत नाही. तो चालणाऱ्यांचा इतिहास वाटतो.

इथली नावेच पाहा. पायधुणी म्हणजे पाय धुण्याची जागा. वरळीकडच्या खिंडारातून भरतीचे पाणी शहराच्या मधोमध शिरायचे, त्या काळी चिखल तुडवत आलेला माणूस इथे पाय धुऊन पुढे जात असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबीच्या बांधाने ते पाणी अडवले, पण नाव राहिले. उमरखाडीत उंबर आणि खाडी, चिंचबंदरात चिंच. भेंडीबाजाराचे नाव इंग्रजीतून बिघडून आले अशी एक दंतकथा लोक सांगतात, पण गॅझेटियर भेंडीच्या झाडांकडे बोट दाखवते. आमच्या किनाऱ्यावर, वाडीच्या कुंपणाला उभी असते तीच ही भेंडी. चालणाऱ्याला सावली हवी, म्हणून झाड लक्षात राहिले.

या चालत्या वस्तीला हलवण्याचे काम मात्र प्रत्येक शतकाने केले. १७७० च्या सुमारास किल्ल्यासमोरचे मैदान मोकळे करायचे म्हणून तिथली जुनी मशीद हटवण्याचा हुकूम निघाला. मग एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याच्या बागेतल्या तलावावर आजची जामा मशीद उभी राहिली. १७७५ ला सुरू झालेले काम १८०२ ला पुरे झाले आणि १८३७ मध्ये मोहम्मद अली रोगे यांनी तिच्यावर मजला चढवला. १८०३ च्या आगीत किल्ल्यातला मोठा भाग जळाला आणि किल्ल्याबाहेरची वस्ती आणखी दाट झाली.

पुढचा धक्का प्लेगचा. १८९६ मध्ये मांडवीत साथ सुरू झाली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्राची हवा शिरावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते वस्ती चिरून काढले. हेतू वाईट नव्हता. अंधाऱ्या खोल्यांत माणसे खरोखर मरत होती. पण पहिल्या काही वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. हवा आली, माणूस मात्र शेजारच्या आधीच भरलेल्या चाळीत जाऊन कोंबला गेला. रस्ता रुंद झाल्याने चालणाऱ्याचे भले होतेच असे नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा माझ्या डोळ्यांदेखत घडला. २००२ मध्ये मोहम्मद अली रोडवर जे. जे. उड्डाणपूल खुला झाला. लांबी दोन किलोमीटरांहून जास्त. त्याला नाव दिले कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे. कुरआनाची तफसीर लिहिणारा हा आलिम आम्हा कोकणी मुसलमानांचा अभिमान. पण त्यांच्या नावाच्या पुलावर पायी माणसाला जागा नाही. मोटारी काही मिनिटांत वरून निघून जातात. फुफी खालून चालायची, धुरातून, हातगाड्यांच्या मधून. २००८ च्या वाहतूक अभ्यासात मुंबई महानगरातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या पायीच होतात असे दिसले. एवढ्या लोकांचा विचार पूल आखताना कितीसा झाला असेल?

आता तिसरे पर्व. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. त्यात भाडेकरू टिकला, पण घरमालकाने डागडुजीतून हात काढून घेतला आणि इमारती म्हाताऱ्या झाल्या. २००९ मध्ये सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्टने भेंडीबाजाराची साडेसोळा एकर वस्ती एकत्र बांधायला घेतली. सुमारे अडीचशे इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने. आराखड्यात रुंद रस्ते आहेत, पदपथ आहेत, भाडेकरूला किमान ३५० चौरस फुटांचे मालकीचे घर आहे. पहिले दोन मनोरे २०२० मध्ये लोकांच्या ताब्यात आले. जुने ते सारे सोने म्हणणाऱ्यांनी ३१ ऑगस्ट २०१७ विसरू नये. त्या सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ जीव गेले. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे आणि मजल्यावर एक संडास, याला संस्कृती म्हणणे ही तिथे न राहणाऱ्यांची चैन आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. फुफी सत्तर वर्षांची होती, गुडघे दुखत होते, लिहिता-वाचता येत नव्हते. पण कसाई, शिंपी, हकीम, नातवाची शाळा, सारे तिच्या चपलेच्या टप्प्यात होते. दर चार पावलांवर ओटा आणि ओट्यावर ओळखीचे माणूस. रमजानमध्ये मिनारा मशिदीकडून ती रात्री अकराला एकटी परतायची. अब्बा रागावले की म्हणायची, "अरे, इथे मला कोण हरवू देणार?" पॅरिसने २०२० पासून पंधरा मिनिटांच्या शहराचे धोरण हाती घेतले. घरापासून पंधरा मिनिटांच्या आत सगळ्या गरजा भागाव्यात, अशी ही कल्पना. फुफीने पॅरिसचे नाव ऐकले नव्हते. ती त्याच शहरात राहत होती, फक्त छप्पर गळत होते.

म्हणजे दुरुस्त करायचे होते ते छप्पर. विसाव्या मजल्यावरून म्हातारी खाली उतरेल का, उतरली तर बसायला ओटा असेल का, चांभार नि भाजीवाला त्या नव्या रस्त्यावर टिकेल का, यावर नव्या वस्तीचा निकाल लागेल. पदपथाच्या रुंदीवरून तो लागणार नाही.

हे मुंबईपुरते नाही. मार्च २०२० मध्ये मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि मोटारीच समुद्र ओलांडून आमच्याकडे येऊ लागल्या. शनिवारी-रविवारी चोंढी नाक्यावर रस्ता ओलांडताना मी मुलांचे हात घट्ट धरते. किहीमही शहर होत आहे आणि आम्ही बघत आहोत. नुसते बघून चालणार नाही.

१९३० च्या पावसाळ्यात सलीम अली आमच्या किहीमला सुगरण पक्ष्याची घरटी न्याहाळत बसले होते. त्यांनी पाहिले की नर घरटे अर्धेच विणतो आणि थांबतो. मादी येते, आत शिरते, तपासते. तिला पटले तरच पुढचे विणकाम होते. मुलांना हा धडा शिकवताना मला दरवेळी फुफी आठवते. तिचे घर पाडण्याचे, बांधण्याचे, वरून पूल नेण्याचे सगळे निर्णय झाले. अर्ध्यावर थांबून तिला कोणी विचारले नाही. किहीमचा आराखडा अजून अर्धाच विणलेला आहे. विचारायची वेळ हीच आहे.